कानबाईची वाळू

उखर्डूच्या हातांचा मूळ रंग कोणता, हे त्याच्या बायकोलाही आठवत नसावं. धुळ्याच्या खालच्या अंगाला, पांझरेच्या काठी, सोहनलाल शेठच्या कारखान्यात तो चादरी रंगवायचा. स्वभावाने मुखदुर्बळ, पण रंगाच्या बाबतीत कोणाचं ऐकून घ्यायचा नाही.

एक्क्याण्णव साली रुपया घसरला आणि शेठचं नशीब उघडलं. चादरी परदेशी जात; तेवढ्याच डॉलरचे आता जास्त रुपये होत. शेठने तिकडच्या व्यापाऱ्याला भाव उतरवून दिला, तरी इकडे फायदाच. मागणीवर मागणी आली. उखर्डू कायम झाला, घरावर पत्रे चढले. गोदाम भरलं तेव्हा शेठने कापडाच्या गाठी रंगाचं पाणी निवळायच्या हौदातच रचल्या, आणि ते पाणी पाइपाने थेट नदीत जाऊ लागलं. पाइपाचा कॉक उघडायचं काम उखर्डूचं. चार दिवसांची अडचण आहे, असं शेठ म्हणाला. चार दिवसांचं वर्ष झालं, आणि पगार वेळेवर येतोय म्हटल्यावर उखर्डूही गप्प बसला.

पुढच्या श्रावणात घरात कानबाई देवी बसली. कानबाईला विसर्जनासाठी नदीवर नेलं की येताना पाटावर नदीची वाळू आणायची. ती घरभर आणि धान्याच्या कोठीतही टाकायची, म्हणजे बरकत राहते. यंदा पाणी कसं आहे, असं बायकोने, प्रमिलाबाईने, दोनदा विचारलं. उखर्डूने आदल्या दिवशी गुपचूप कॉक बंद केला आणि तिला म्हणाला, बिनघोर चल.

पाणी खरंच नितळ होतं. तिने वाळू आणली, कोठीतल्या गव्हावर मूठमूठ टाकली. पण वर्षभराचा रंगाचा साका त्या वाळूतच बसला होता. निदान रंगाऱ्याला तरी हे कळायला हवं होतं. आठवड्याने कोठी उघडली तर उग्र वास आला, वरचा गहू जांभळट झालेला.

आपल्याच हातून काही चुकलं, देवी कोपली, असं म्हणत ती रडू लागली. उखर्डूला बघवेना. त्याने सगळं सांगून टाकलं.

तिने डोळे पुसले. "तुम्हीन माले सांगं, ते बरं करं," ती म्हणाली. "पन कानबाईले काय सांगशात?"

दुसऱ्या दिवशी उखर्डू हौदात उतरून गाठी बाहेर काढू लागला. शेठ धावत आला. ढग आलेत, माल भिजला तर बोट चुकेल, असं परोपरीने सांगून पाहिलं. उखर्डूने पुढची गाठ उचलून काठावर ठेवली.

"कॉक आते मी उघडाव नही, शेठ," तो म्हणाला.

मग उद्यापासून येऊ नकोस, असं शेठने सांगितलं.

घरी प्रमिलाबाई गहू चाळत होती. नोकरी गेल्याचं त्याने खालमानेने सांगितलं. तिने चाळणी बाजूला ठेवली.

"हौद खाली झाया का?"

"अर्धा झाया."

"मंग सकायले मी बी येस," ती म्हणाली.