वर बसलेय मी

मानपाड्याच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मी मांजराला घेऊन बसलेलो. शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांच्या पायाशी प्रवासाचा पिंजरा आणि त्यात थरथरणारा छोटा, पांढरा पॉमेरियन. बाई मुलाकडे कॅनडाला कायमच्या निघालेल्या. कुत्रा विमानाच्या पोटात, सामानाबरोबर जाणार होता.

त्या सारख्या पदराने तळवे पुसत होत्या.

"घाबरू नका, नीट पोचेल तो," मी म्हणालो.

"मला उतरल्यावर घ्यायला मुलगा येईल हो. पण याला तिथे अंधारात कोण सांगणार, मी वरच बसलेय म्हणून?"



डॉक्टरांनी त्याला पिंजऱ्यात एकटं राहायची सवय लावायला सांगितलेलं. बाईंनी पिंजऱ्याची कडी लावली, "आलेच हं, सोन्या," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. कुत्रा पंजांनी जाळी ओरबाडत केकाटू लागला. दाराच्या काचेतून मला त्या दिसत होत्या, तोंडावर पदर दाबून उभ्या.

तेवढ्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

मी परतलो तेव्हा कुत्रा रडून रडून झोपी गेलेला. मी काचेतून बाईंना तशी खूण केली. त्यांनी मान हलवली, पण आत काही आल्या नाहीत. भिंतीला टेकून, डोळे घट्ट मिटून त्या तिथेच उभ्या राहिल्या.