खालांचं अंगण आणि माझं पिल्लू

पिल्लाच्या आईला बिबट्याने दारातून नेलं. पोंभुर्ण्याकडच्या माझ्या मामांच्या गावात ती कायम साखळीला बांधलेली असायची, त्यामुळे पळायची सोयच नव्हती. मी गेले तेव्हा खुंटा तेवढा उरला होता. मागे तणशीच्या ढिगात, म्हणजे धान मळून उरलेल्या पेंढ्यात, हे एकच पिल्लू कुडकुडत होतं.

मामा म्हणाले, "मोठं झालं की यालेही इथीच बांधू."

"साखळीनं?"

"नाई तर काय रेशमाच्या दोऱ्यानं?"

मी पिल्लू पिशवीत घातलं आणि मूल गावाची बस पकडली. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. आईबाबा जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचे आणि मी त्यांच्यातूनच अक्षरं जुळवायला शिकले. कोणाला बांधून ठेवू नये, कोणाला मारून शिकवू नये, हे मी तिथंच वाचलं. ते फक्त माणसांपुरतं आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मूलमध्ये मी एका मुस्लिम शिंपी कुटुंबाच्या घरात भाड्याने राहते. घरमालकीणबाईंना मी खाला म्हणते. मधलं अंगण आम्हा सगळ्यांचं एकच. खाला तिथंच नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन वजू करतात, तिथंच पापड वाळवतात.

त्यांनी पिशवी हलताना पाहिली. "काय आणलं यात?"

"पिल्लू."

"कशाचं?"

ते पिशवीतूनच भुंकलं.

खालांनी कपाळाला हात लावला. "पुढच्या आठवड्यात माझी पोरगी येऊन राह्यली. तिचं लेकरू रांगते. अंगणात यानं एकदा जरी घाण केली, तर ज्या बसनं आणलं त्याच बसनं वापस. समजलं?"

मी मुक्या जिवांच्या हक्कांवर बोलायला लागले. खालांनी माझ्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. पिशवीतून उतरलेलं पिल्लू तिथं पाय फाकवून बसलं होतं.

"भाषण नंतर दे बेटा. आधी पोछा घे."

वापस म्हणजे त्या खुंट्याला. हे मी खालांना सांगितलं नाही. त्यांच्या दयेपेक्षा त्यांची अट मला बरी वाटली.

दर वेळी खाणं झालं की मी पिल्लाला गल्लीपलीकडच्या मोकळ्या मैदानात न्यायची. ते मुरमावर बसून बकऱ्या बघायचं. घरी आलं की मात्र दाराशी अंथरलेल्या पोत्यावर, माझ्या गोधडीवर, वाटायला आणलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर मोकळं व्हायचं. समान कामाला समान मजुरी मागणारं अख्खं पान एका दुपारी वाहून गेलं.

समोरच्या काकू म्हणाल्या, "नाक घास त्यात आणि दोन ठेवून दे. लगेच सुधरते."

"काकांना असंच सुधारलंत का?"

"त्याहिले कुठी? त्याहिचं अजून बाकीच हाय."

मी हसले, पण हात उचलला नाही. पोरी, तत्त्वं ठीक आहेत, फरशीचं काय, असं मला मीच विचारत होते. पहाटेचा प्रश्न तर त्याहून अवघड. पिल्लाला उजाडायच्या आधीच लागायची, आणि गल्लीमागे बिबट्या दिसल्यापासून अंधारात कोणी बाहेर पडत नव्हतं. मग खोलीतच व्हायचं. मी दार लोटून फिनाईलने फरशी पुसायची आणि खालांच्या लेकीची वाट बघायची, म्हणजे ती उशिरा यावी म्हणून.

एका संध्याकाळी आम्ही मैदानावरून तसेच परत येत होतो. तणशीने लादलेला ट्रॅक्टर गल्लीत वळला, विजेच्या खांबाला घासला आणि चार पेंढ्या खाली पडल्या. पिल्लू माझ्या हातातून निसटलं. त्याने हुंगलं, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि डोळे अर्धे मिटून बसलं. मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारला. "काय झालं, बाई?"

"काही नाही, भाऊ. थोडी तणस आणखी द्या ना. कुत्र्याला हवी आहे."

"कुत्रं तणस खाते?"

"खात नाही. मुततं."

त्याने मला नीट न्याहाळलं, कवळाभर तणस काढून दिली आणि आणखी काही न विचारता निघून गेला.

तेव्हा मला कळलं. हे पोर तणशीत जन्मलं, तिथंच त्याने पहिल्यांदा सगळं केलं. मी त्याला जागा शिकवत होते आणि ते पायाखाली मऊ काय लागतं ते शोधत होतं. गोधडी, पोतं, पत्रकं, सगळं त्याला तणसच.

पण अंधारात बाहेर जायचं नसेल, तर तणस अंगणातच हवी. मी खालांकडे गेले.

"म्हणजे ज्या अंगणात घाण नको, त्याच अंगणात जागा मागून राह्यली तू?"

"न्हाणीमागे, कोपऱ्यात. रोज मी उचलीन."

खाला न्हाणीमागे जाऊन कोपरा बघून आल्या. "कोपऱ्याच्या बाहेर एक थेंब नाई."

त्यानंतर पिल्लाने दार खरडलं की मी उठून त्याला कोपऱ्यात न्यायची. लेक आली, लेकरू आलं. पुढच्याच पहाटे मला जाग आली ती झुंजुमुंजू झाल्यावर. फरशी कोरडी, गोधडी कोरडी, रात्री लोटलेलं दार उघडं आणि पिल्लू नाही. पहिली बस निघायची हीच वेळ. मी अनवाणी धावले.

न्हाणीशी खाला उभ्या होत्या. सलवार घोट्यावर धरलेली, तोंड भिंतीकडे.

"पाहू नको तिकडं. त्याले शरम येते."

मागे तणशीवर पिल्लू बसलं होतं.

"दरवाजा खरडून खरडून थकलं बिचारं. तू कुंभकर्णावानी पडली होती. वजूले उठली होती, मीच खोललं. मधात लेकराची गोधडी होती, तिच्या बाजूनं गेलं, बरं का."

"मग... बसचं?"

"कोणती बस?"

"तुमची अट होती ना."

"त्यानं पाळली. तू मात्र रोज फिनाईल ओतून मले उल्लू बनवून राह्यली होती. मले नाक नाई का?"

मी पायरीवर बसले आणि हसू लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पिल्लू तणस झटकत जवळ आलं तशा खाला मागे सरकल्या. "तिकडूनच, तिकडूनच! नमाज व्हायची हाय माझी." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू बसली काऊन? उचल ते."

मी फावडं घेऊन गेले. इतक्या आनंदाने मी आजवर काहीच उचललेलं नाही.