इंजिन मी बांधलं

चहा घ्या आधी. माझ्या फजितीचा किस्सा आहे, आणि बायको सांगायला बसली की त्यात मी आणखीच येडा दिसतो. ती बाजारातून यायच्या आत मीच उरकून टाकतो.

माझा मेहुणा संदीप, अलिबागच्या पुढे राहतो. त्याच्याकडे एटीव्ही आहे. ती चार जाड टायरांची, हँडलवाली गाडी हो, समुद्रावर पर्यटकांना बसवून फिरवतात तसली. फक्त संदीपची पर्यटकांची नाही, शर्यतीची. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांच्या किनाऱ्यावर शर्यत असते आणि सलग दोन वर्षं हा पठ्ठ्या शेवटून पहिला येत होता.

गणपतीत तो आमच्याकडे लालबागला आला होता. मोदक खाता खाता मी बोलून गेलो, "तुझी गाडी माझ्याकडे पाठव. इंजिन असं बांधून देतो की बाकीच्यांना नुसती तुझी पाठ दिसेल."

"भावजी, तुम्ही लिफ्टवाले ना?"

आता मी परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टची देखभाल बघतो, हे खरंय. पण वीस वर्षं या चाळीतल्या सगळ्या स्कूटर कोणी जिवंत ठेवल्या? मीच ना? शिवाय एटीव्हीचे व्हिडिओ मी पाठ केले होते. तेही दीडपट वेगाने लावून.

"तुला गाडी पळवायची आहे की माझी मुलाखत घ्यायची आहे?" मी म्हटलं. "माझी एकच अट. जिंकलास की हातात माइक देतात ना? तिथे सांगायचं, इंजिन कोणी बांधलं ते. नाव आडनावासकट."

"सांगेन की, त्यात काय."

मला दुसरं काही नको होतं. माइकवर ‘विलास परब’ एवढं ऐकू आलं पाहिजे, आणि समोर सासुरवाडीचा अख्खा गाव बसलेला पाहिजे. पहिल्या रांगेत सासरे. लग्नाला अठरा वर्षं झाली, सासरे अजून माझी ओळख ‘आमचे जावई, लिफ्टमन’ अशी करून देतात. एवढी हाव माणसाने करू नये का, तुम्हीच सांगा.

तर नवरात्राच्या आधी गाडी बोटीने माझगावला आली आणि टेम्पोने चाळीच्या पटांगणात. इंजिन उतरवून मी खोलीत घेतलं आणि पार नटबोल्टपर्यंत सुटं केलं. नवा मोठा पिस्टन आणला, चढा कॅम, म्हणजे जास्त हवा आत घेऊ देणारा दांडा, आणला. मोठा पिस्टन बसायचा तर सिलिंडरही आतून मोठा करायला हवा. ते लेथवरचं काम. ते दिलं दिगूला.

दिगू म्हणजे दिगंबर सावंत. माझा शाळेपासूनचा दोस्त, माझगावला स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. बोलतो कमी, माप घेतो जास्त. त्याने सिलिंडर बोअर करून दिला आणि एवढंच म्हणाला, "आता घाण जाऊ देऊ नकोस आत."

मला सांगतो! अहो, त्या दोन आठवड्यांत आमच्या खोलीत माशीसुद्धा परवानगी काढून यायची. खाली मिरचीची गिरणी, तिची धूळ नको म्हणून खिडक्या बंद. फोडणीचा धूर नको म्हणून स्वयंपाक शेजाऱ्यांच्या गॅसवर. आईला म्हटलं, डोक्याला रुमाल बांध, केस पडेल. तर आई म्हणाली, "मेल्या, घर हा की हास्पिटल?" सुजाता, माझी बायको, ती तर शेजाऱ्यांकडेच जेवून यायची.

आणि मग मी माझं खास काम केलं. हवा आणि पेट्रोल ज्या भोकातून इंजिनात शिरतं त्याला पोर्ट म्हणतात. तो आतून घासून गुळगुळीत केला की इंजिन मोकळा श्वास घेतं. मी चार दिवस तो पोर्ट घासला. असा चमकवला, असा चमकवला, की त्यात बघून दाढी करावी. काम झालं की धूळ जाऊ नये म्हणून त्यात स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबून ठेवायचो. सगळं पद्धतशीर.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंजिन बांधून तयार. फक्त पोर्टच्या तोंडावर बसतो तो कार्ब्युरेटर लावायचा बाकी होता.

आता गिरणगावातल्या घरात दसरा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबा मिलमध्ये होते, दसऱ्याला मागाची पूजा व्हायची. मिल गेली तरी पूजा गेली नाही. आमच्याकडे पाने, पक्कड, मिक्सर, सगळ्यांना हार पडतो. यंदा मान इंजिनाचा. पाटावर इंजिन, भोवती रांगोळी, झेंडूचा हार. चाळ बघायला लोटली होती. मी तर लग्नातसुद्धा एवढा सजलो नव्हतो.

एवढी माणसं जमलेली, आणि माझ्या चमकत्या पोर्टमध्ये फडक्याचा बोळा? कोणाला दिसणार माझी कारागिरी? मी बोळा काढला. मोबाइलची बॅटरी लावून एकेकाला आतली चमक दाखवली. वरच्या मजल्यावरचे राणेकाका म्हणाले, "वा, चांदीच्या वाटीसारखं झालंय." मी कृतकृत्य झालो. मग हळदकुंकू, नारळ, आरती, अक्षता. सगळं यथासांग झालं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी इंजिन गाडीत चढवलं, कार्ब्युरेटर लावला. पटांगणात पुन्हा सगळी चाळ. मी स्टार्टरचं बटण दाबलं.

इंजिन नुसतं फिरलं. भिरभिर, भिरभिर, पंख्यासारखं. पेट घ्यायचं नावच नाही. ताज्या बांधलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन इतकं असतं की स्टार्टर कण्हत कण्हत फिरतो. इथे तो मजेत गिरक्या घेत होता. कॉम्प्रेशन शून्य. म्हणजे आत दाबलेली हवा कुठूनतरी निसटत होती.

कुठून, याचा विचार करायला मला अर्धं मिनिट लागलं. मी जे जे केलं होतं ते बिनचूक होतं, कारण ते मी केलं होतं. उरलं काय? सिलिंडर. तो कोणी बोअर केला? दिगूने. मी फोन लावला.

"दिगू, तू सिलिंडर सैल करून दिलास."

"माप घेऊन दिलाय मी."

"मग कॉम्प्रेशन कुठे गेलं, फिरायला?"

"प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोड आणि परत फिरव. कॉम्प्रेशन आलं तर पिस्टनच्या रिंगा सैल, म्हणजे चूक माझी. नाही आलं तर व्हॉल्व्हमध्ये बघ."

"मला शिकवू नकोस रे. तुझ्या लेथचं वय झालंय, आणि तुझ्या डोळ्यांचंही."

त्याने फोन ठेवला. चूक तिथेच थांबली असती तर बरं होतं. पण मी चाळीच्या ग्रुपवर टाकलं, ‘माझगावच्या काही लोकांकडून बोअरिंगचं काम करून घेऊ नये.’ त्या ग्रुपवर दिगूची सख्खी बहीण आहे. माझ्या लक्षातच नव्हतं.

चमचाभर ऑइल काही मी सोडलं नाही. कार्ब्युरेटर मात्र काढून तीनदा धुतला. इंजिन भिरभिर ते भिरभिरच. संध्याकाळी संदीपचा फोन, "भावजी, उद्या दुपारच्या बोटीला गाडी येते ना? सगळ्यांना सांगून ठेवलंय." मी म्हटलं, "येते म्हणजे काय, धावत येते." आणि परत कार्ब्युरेटर काढायला बसलो.

तेव्हा आई म्हणाली, "झिला, पूजा नीट झाली नाय. तुझो बापूस मागाची पूजा करी तेव्हा त्याचा लक्ष पूजेत असायचा. तुझा सगळा लक्ष फोटोत. परत कर."

एरवी मी हसलो असतो. पण बुडत्याला काडीचा आधार. कार्ब्युरेटर काढलेला होताच. मी आंघोळ करून आलो, फोटोबिटो काही नाही, डोळे मिटले आणि मनापासून पूजा केली. अक्षता या वेळी मूठ भरून वाहिल्या. मग कार्ब्युरेटर लावून बटण दाबलं. भिरभिर.

शनिवारी सकाळी दारात दिगू उभा. हातात हत्यारांची पेटी. माझ्याशी बोलला नाही, आईच्या पाया पडला, सुजाताला म्हणाला, "वहिनी, एक चमचा द्या." चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून सोडलं, बटण दाबलं. काही फरक नाही.

"रिंगा ठीक आहेत," तो राणेकाकांना म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग त्याने इंजिनाचं डोकं उघडलं. म्हणजे वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह, पोर्ट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा, असतात. तो उलटा धरून व्हॉल्व्हच्या कडेला बघितलं. मग स्प्रिंग दाबून व्हॉल्व्ह बाहेर काढला. चिमट्याने काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

चेपलेला, गुलाबी, एक दाणा तांदूळ.

"ही कुठल्या कंपनीची रिंग?" त्याने विचारलं. कालच्या फोननंतर तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला होता.

मागोमाग आणखी सात दाणे निघाले. माझ्या त्या चमकत्या, गुळगुळीत पोर्टवरून कुठेही न अडकता थेट व्हॉल्व्हवर घसरले होते आणि फटीत बसून व्हॉल्व्ह मिटू देत नव्हते. पोर्टचं काम मात्र उत्तम झालं होतं, हे दिगूनेही मान्य केलं. पटांगणात जो हशा पिकला, तो गिरणीच्या आवाजावर चढला. आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "देवान घेतल्यान ना पण अक्षता."

मला खरंच रडू फुटायचं बाकी होतं. मी सगळ्यांच्या देखत दिगूचे कान... नाही, माझे कान धरले. ग्रुपवर माफी टाकली, नावानिशी. दिगूने ती वाचली, मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, "पाना दे बारा नंबरचा." म्हणजे मिटलं. व्हॉल्व्ह घासून, सगळं परत बांधून त्याने बटण दाबलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. अहो, काय आवाज! राणेकाकांची कवळी हलली. मी दिगूला मिठी मारली, तर म्हणतो, "लांब हो, शर्टाला ग्रीस लागेल." शर्ट त्याचा आधीच काळा होता.

दुपारच्या बोटीने गाडी गेली. गाडीबरोबर आम्हीही गेलो, दिगूला ओढूनच नेलं. आणि रविवारी संदीप पहिला आला. खोटं नाही सांगत, दुसरा नंबर वळणावर होता तेव्हा आमचा पठ्ठ्या हेल्मेट काढून केस सारखे करत होता.

त्याच्या हातात माइक आला. पहिल्या रांगेत सासरे. मी कॉलर नीट केली. आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर कसलं नाव घेणार तो? पण संदीप शब्दाचा पक्का.

"हे इंजिन माझगावचे दिगंबर सावंत यांनी चालू केलं," तो म्हणाला. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या, मनापासून. दिगू खाली बघत होता.

"आणि दुसरं नाव मुंबईचे आमचे भावजी, श्री. विलास परब." सासऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा असं कौतुकाने बघितलं. मी उभा राहून हात जोडले.

"यांनी इंजिनाची पूजा केली," संदीप म्हणाला. "दोनदा."