कोकराच्या पायातला दोरा

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, आणि बहुतेकांचं कारण पान उलटायच्या आधीच मनाशी शोधून ठेवतो. धंद्याची सवय. मी जनावरांचा डॉक्टर — आमच्या भागात तेव्हा सलोत्री म्हणत. मेलेल्या जनावराचं पोट उघडून ते का मेलं हे बघायचं, हे माझं शिक्षण. भानामती, नजर, बाहेरची बाधा… या सगळ्यांखाली मला शेवटी जंत, घटसर्प नाहीतर विषारी पाला सापडलेला आहे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही नाही. तरी हे लिहितो आहे.

निजामाचं राज्य संपायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी जाफराबादेत होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे आमचं बिऱ्हाड. कागद उर्दूत, औषधं हैदराबादेहून येणार, म्हणजे बहुधा न येणार. गाई-बैलांचं मी निभावून न्यायचो. अडचण व्हायची ती मेंढ्यांची. गाय अडली तर हात खांद्यापर्यंत आत जातो. मेंढीला पुरुषाचा पंजा बोटांच्या पेरांशीच अडतो, आणि जोर केला तर गर्भाची पिशवी फाटते.

माझ्या पत्नीचा, वत्सलाचा, हात इतका लहान की कासारीण तिला पोरींच्या मापाच्या बांगड्या भरायची. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एका अडलेल्या शेळीपाशी मी हात टेकले होते. तेव्हा ती दारातून म्हणाली, "अहो, मी बघू का?"

तेव्हापासून रीतच पडली. मी मेंढीच्या पोटावर तळवा ठेवून सांगायचो, ती करायची. आधी पाय मागं लोट. आता कानामागं बोटं घाल. मान सरळ कर. खूर तळव्यात झाकून आण, म्हणजे पिशवीला लागणार नाही. तिची मूठ आत फिरली की तिचे उंचवटे मला बाहेरून कळायचे. "हुकूम तुमचा, घाण माझी," म्हणायची. शेजारच्या काकू कुंपणावरून टोमणा मारत, "आज किती बाळंतिणी, वहिनी?" त्यावर ही म्हणे, "दोन. पण एकीचाही नवरा आला न्हाई."

उजव्या हातातल्या बांगड्या मात्र काढाव्या लागत. सवाष्णीचा हात मोकळा नको, म्हणून ती तेवढ्यापुरता मनगटाला हळदीचा दोरा बांधायची. मी म्हणायचो, "दोराही नको, घाण धरतो." ती म्हणायची, "मंग तुमचाच हात घाला." काम झालं की बांगड्या परत हातात, आणि दोरा खिडकीच्या गजाला. गजावर अशा दोऱ्यांची रांग झाली होती.

ठकूबाई नावाची एक धनगर बाई आमच्याकडे मेंढरं आणायची. तिच्या कळपाची म्होरकी मेंढी भोरी. ती पुढे चालली की कळप मागे चालायचा, ती बसली की कळप बसायचा. भोरीच्या पहिल्या वेताला वत्सलाचा दोरा हरवला. हात बाहेर आला तो मोकळाच. आम्ही तिघांनी पेंढा चाळला, पडलेली वार उलटून पाहिली… नाही. वत्सलाला ते लागलं. मोकळ्या मनगटाचा दोष नवऱ्यावर जातो, असं तिच्या डोक्यात. "निघाला असेल पाण्याबरोबर," मी म्हणालो, आणि मला खरंच तसंच वाटत होतं. रात्री तिनं भात टाकला नाही. मी हसलो, तरी तिनं टाकला नाही.

पुढच्या श्रावणात ती तापानं गेली. मला काही झालं नाही.

त्यानंतर मी नोकरी सोडायचं ठरवलं. जनावरांचा कंटाळा आला नव्हता. अर्ध्या माणसानं काम करायचं कसं, एवढाच प्रश्न होता. अर्ज लिहून टेबलावर ठेवला होता. तेवढ्यात, ऐन दुपारी, ठकूबाई भोरीला खांद्यावर घेऊन ओसरीत आली. कळप घेऊन ती बरेच महिने लांब चरायला गेली होती.

"सायब, मेंढी अडली. बाईला बोलवा, जल्दी."

"ठकूबाई, बाई नाही."

"माहेरी गेल्या का?"

मी नकारार्थी मान हलवली. तिनं घराच्या बंद दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भोरीला खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मला कुणी सांगितलं न्हाई हो सायब."

भोरी कण्हत होती. कोकराचा एक पाय बाहेर, दुसरा आतच, मान मागे वळलेली. ठकूबाईचा उजवा हात विळ्यानं कापलेला, चिंधीनं बांधलेला, सुजलेला. तो आत घालू देणं मेंढीच्या आणि तिच्याही जिवाशी खेळ होता. मी शेजारी हाक मारली. काकूंनी ऐकलं न ऐकलं केलं. मग हात धुतला, तेल लावलं, घातला. पेरांशीच अडला. भोरी ओरडली तशी मी काढून घेतला.

"ही गेली तर कळप मोडंल माझा," ठकूबाई म्हणाली. "दुसरीमागं जात न्हाईत मेंढरं."

मागचं अंग उचललं की कधीकधी पिल्लू आत घसरतं आणि जागा होते. एवढंच उरलं होतं. ठकूबाईनं भोरीचे मागचे पाय उचलून डाव्या हातानं छातीशी धरले. मी पोटावर तळवा ठेवला. आणि तळवा ठेवला की बोलायची सवय… मी बोलू लागलो.

"आधी पाय मागं लोट."

बाहेर आलेला पाय आत गेला. हे होतं, कळ ओसरली की जातो.

"आता कानामागं बोटं घाल."

माझ्या तळव्याखालून काहीतरी सरकलं. कोकराचा खूर कसा लागतो हे मी झोपेतही सांगेन — दोन टोकं, टणक. हे टणक नव्हतं. चार लहान उंचवटे, एका ओळीत, डावीकडून उजवीकडे सरकले आणि थांबले. मी गप्प झालो.

"सायब, कुणाशी बोलून राह्यलात?" ठकूबाईनं हळूच विचारलं. तिची नजर पोटावरच होती. मग लगेच म्हणाली, "बोला. बोला तुमी, थांबू नका."

"मान सरळ कर," मी म्हणालो. "खूर झाकून आण."

भोरीला खाली निजवलं. पुढच्या कळेला दोन पाय आले, त्यांवर टेकलेलं नाक आलं — पुस्तकात काढतात तसं. मी खालच्या दिशेनं ओढलं, नाक पुसलं, नाकपुडीत काडी घातली. कोकरू शिंकलं.

त्याच्या डाव्या पायात, खुराच्या वर, दोरा होता. दोन वेढे आणि गाठ.

"बाईचा दोरा," ठकूबाई म्हणाली. तो हरवला तेव्हा शोधायला तीही होती.

आता वाचक म्हणतील, तो पहिल्या वेळचाच आत राहिला असणार. मीही आधी तेच म्हणालो. पण पिशवीत अशी वस्तू राहिली तर ती सडते, मेंढी गाभणच राहत नाही. भोरी मधल्या काळात एकदा नीट व्यालीही होती. ठकूबाईनं बांधला म्हणावा, तर तिचा एक हात जायबंदी, दुसऱ्यात भोरीचे पाय. शिवाय त्या दोऱ्याची हळद माझ्या बोटांना लागली. इतका काळ ओलाव्यात राहिलेल्या दोऱ्याला हळद राहत नाही.

अर्ज मी पाठवला नाही. ठकूबाईचा हात बरा झाल्यावर तिला आणि तिच्या सुनेला हे काम शिकवलं. पुढे त्यांच्या वस्तीवरच्या मेंढ्या त्याच सोडवत. मी फक्त बाजूला बसून बोलायचो.

मूठ का जाणवली, दोरा कुठून आला, याचं कारण मला तेव्हा सापडलं नाही आणि नंतरही नाही. शोधायचं मी सोडलेलं नाही. त्या दुपारी मी एवढंच केलं — तो दोरा खिडकीच्या गजाला बांधला. बाकीचे सगळे उन्हानं पांढरे पडले होते.