किल्ली वडिलांच्या खिशात

किल्लीवाल्या मामांचा दिवस टाचेपासून सुरू व्हायचा. पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ उठायची आणि दहा-बारा पावलं लंगडल्यावर जरा निवायची. बायको म्हणायची, एकदा डॉक्टरला दाखवा. हे म्हणायचे, रोज चाळीस डॉक्टरांच्या गाड्या लावतो, त्यातल्या एकानेही अजून माझ्या पायाकडे पाहिलेलं नाही. हे उत्तर तिने इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातली गंमत केव्हाच झिजून गेली होती.

एका मोठ्या इस्पितळाच्या दाराशी उभं राहून आलेल्यांच्या गाड्या ताब्यात घ्यायच्या, मागच्या आवारात नेऊन लावायच्या आणि माणूस परत आला की गाडी पुन्हा दारात आणून द्यायची, हे त्यांचं काम. आठ वर्षं ते हेच करत होते. त्याआधी एकवीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या मॅनेजरची गाडी चालवली. कारखाना बंद पडला, मॅनेजर दुसऱ्या मुलखात गेले, गाडी विकली गेली आणि मामा तेवढे मागे उरले. पन्नाशी उलटलेल्या ड्रायव्हरला नवीन काम कोण देणार? इस्पितळाने दिलं, म्हणून त्यांनी ते घेतलं. पुढे आवडलं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

मॅनेजरांच्या गाडीची किल्ली किल्लीसारखी होती. लोखंडाची, हाताला वजन लागणारी. भोकात घालून अर्धी फिरवली की दिवे लागत, पुरती फिरवली की इंजिन घरघरे, काढून घेतली की गाडी मुकी. किल्ली खिशात म्हणजे गाडी आपली, असा सरळ मामला. आता इस्पितळाच्या दारात येणारी प्रत्येक गाडी वेगळं नाटक करायची. कुणाची डिकी आतला खटका ओढून उघडायची, तर कुणाची मागच्या पट्टीखाली बोट घालून दाबल्यावर. कुणाचा हँडब्रेक म्हणजे नुसतं एक बटण. एका गाडीचं दार बाहेरून उघडायचं कसं, हे शोधण्यात त्यांचा एकदा अख्खा चहा थंड झाला होता. आणि मालकाला विचारावं, तर तो बिचारा आत धावत गेलेला. इस्पितळात येणारा माणूस गाडी कशी चालू होते ते समजावत थांबत नाही.

म्हणून मामांनी स्वतःपुरते तीन नियम केले होते. किल्ली हातात आल्याशिवाय परक्या गाडीत बसायचं नाही. सीटवर पर्स, फोन, पिशवी काही राहिलं असेल तर ते डिकीत ठेवून गाडीला कुलूप घालायचं. आणि स्टिअरिंगच्या बाजूचा कप्पा काही झालं तरी उघडायचा नाही, कारण माणसं तिथे काय काय ठेवतात याचा नेम नसतो आणि ते आपल्याला कळून उपयोगही नसतो.

पहिला नियम मोडला तो एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला.

राखाडी रंगाची एक गाडी तिरकी येऊन तातडीच्या विभागासमोर थांबली. चालवत होती चाळिशीतली एक बाई. शेजारच्या सीटवर तिचे वडील होते, मान एका बाजूला टाकलेले, घामाने निथळलेले. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले. म्हाताऱ्यांना उचललं, आत नेलं, पाठोपाठ बाई गेली. गाडीचं दार उघडंच, इंजिन चालूच. मागून अँब्युलन्स भोंगा वाजवत आलेली. मामा क्षणभर किल्ली शोधायला वाकले, मग मागच्या भोंग्याने त्यांचा धीर सुटला आणि ते तसेच आत बसले.

गाडी वळणावर पोचली तेव्हा ती टुकटुक करू लागली. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: किल्ली गाडीत नाही.

ही बटणावर चालणारी गाडी होती. किल्ली खिशात असली की पुरे, भोकात घालायची गरज नाही. एकदा चालू झाली की किल्ली लांब गेली तरी गाडी चालत राहते, पण एकदा बंद केली की किल्ली जवळ आल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. आणि किल्ली गेली होती स्ट्रेचरवरून आत.

मागचं आवार गच्च भरलेलं. एकच जागा होती, सहा डॉक्टरांच्या गाड्यांपुढे आडवी. तिथे गाडी बंद केली असती तर सहाही गाड्या अडकल्या असत्या आणि हे धूड ढकलूनही हलली नसती. शिवाय किल्लीशिवाय कुलूप लागत नव्हतं आणि मागच्या सीटवर बाईची उघडी पर्स पडली होती. म्हणजे बंद करायची सोय नाही, सोडून जायची सोय नाही. मामा चालू गाडीत बसून राहिले.

सुरक्षा अधिकारी आले, काचेतून वाकून पाहिलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, "मामा, तुम्हीसुद्धा?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

गाडीचा नंबर ध्वनिक्षेपकावर तीनदा पुकारला गेला. कुणी आलं नाही. एक डॉक्टरीणबाई निघाल्या, मामांनी गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. मग दुसरे निघाले. असं साडेबारापर्यंत पाच वेळा झालं, आणि दर वेळी सुटलेली जागा नव्याने येणाऱ्या डॉक्टरांची गाडी घ्यायची. सीट उंच माणसाच्या मापाने मागे सरकवलेली होती. मामांचे पाय पेडलला जेमतेम पोचत होते, पण परक्याची सीट हलवायची नाही म्हणून ते सीटच्या कडेला टेकून चालवत होते. कंबर भरून आली होती. डबा केबिनमध्ये होता. आणखीही एक निकड होती, जी एकसष्टीला टेकलेल्या माणसाला फार वेळ टाळता येत नाही. मागे पर्समधला फोन वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. एकदा त्यांनी मान वळवून पाहिलं. पडद्यावर 'घर' असं नाव होतं.

पेट्रोलचा पिवळा दिवा लागला तेव्हा मामांनी हात टेकले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावून सीटवर बसवलं, कशालाही हात लावू नकोस म्हणून बजावलं, आधी निकड उरकली आणि मग ते इस्पितळात शिरले.

तातडीच्या विभागात कळलं की हृदयाचे पेशंट तिसऱ्या मजल्यावर नेतात. लिफ्टसमोर रांग होती. मामा जिना चढले. प्रत्येक पायरीला टाच आपलं अस्तित्व दाखवत होती. आठ वर्षांत ते तळमजल्याच्या वर कधी आले नव्हते. वर सगळं शांत होतं, फरशी इतकी स्वच्छ की आपल्या बुटांची लाज वाटावी.

बाई अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. मामा तिच्यासमोर उभे राहिले. जिन्यात त्यांनी तीन वाक्यं जुळवली होती. गाडी अडली आहे, नियम आहेत, सहा डॉक्टर खोळंबलेत. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येण्याच्या लायकीचं वाटेना. ते तिच्या शेजारी बसले.

तिनेच विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"कुणी नाही ताई. मी खाली गाड्या लावतो. तुमची गाडी माझ्याकडे आहे."

तिला कळायला वेळ लागला. आपण गाडीने आलो हेच ती विसरली होती. मग ती बोलू लागली ते थांबेना. गाडी वडिलांची. त्यांनी कुणाला कधी हात लावू दिला नाही. आईला नाही, तिला नाही. परवाना तिच्याकडे दहा वर्षं होता, पण वडील घरी असेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. सकाळी बाजारातून येताना त्यांनीच गाडी कडेला घेतली, म्हणाले, बरं वाटत नाही, आणि शेजारच्या सीटवर सरकले. गाडी चालूच होती. ती नुसती पुढे घेऊन आली. कशी चालू करतात आणि कशी बंद करतात, हे तिला अजूनही माहीत नव्हतं.

मामांनी सांगितलं की गाडी अजून चालूच आहे आणि ती बंद करून कुलूप लावायला किल्ली हवी. आणि पर्समधल्या फोनवर घरून सारखे फोन येतायत. त्यावर तिने डोळे मिटले. आईला तिने अजून काहीच कळवलं नव्हतं.

"किल्ली शर्टाच्या खिशात असते त्यांच्या," ती म्हणाली आणि मांडीवरची पिशवी मामांपुढे धरली. "मला नाही बघवत. तुम्ही काढा."

नर्सने वडिलांचे कपडे त्या पिशवीत घालून दिले होते. शर्ट समोरून कात्रीने उभा कापलेला होता, बटणं तशीच लावलेली. मामांनी आयुष्यात कुणाचा कप्पा उघडला नव्हता. आता ते एका अनोळखी माणसाच्या खिशात हात घालत होते. घडी घातलेला रुमाल, खोकल्याच्या दोन गोळ्या आणि तळाशी किल्ली. काळी, गुळगुळीत, हलकी. ती मुठीत घेऊन ते उठले.

"बंद करतो मी. कुलूप लावतो. पर्स वर आणून देतो," ते म्हणाले. "तुम्ही इथेच बसा."

खाली येऊन त्यांनी बटण दाबलं. इंजिन थांबलं आणि जवळजवळ तीन तासांनी आवारात पहिल्यांदा पक्षी ऐकू आले. मामांनी पुन्हा तीन मजले चढून पर्स पोचवली, उतरले आणि सव्वा वाजता डबा उघडला. भूक मेली होती. तरी खाल्लं.

संध्याकाळी पाच वाजता बाई उतरली. घरून कागद आणायचे होते, आईला घेऊन यायचं होतं. मामांची वेळ संपली होती. ते घरी जाऊ शकत होते. त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "दाखवू का?"

त्यांनी दाखवलं. उघडायचं बटण एकदा दाबलं की फक्त चालवणाऱ्याचं दार उघडतं, दोनदा दाबलं की चारही. कुलूप लागलं की बाजूचे आरसे मिटतात, ते मिटले नाहीत तर परत येऊन बघायचं. डिकीचं बटण दाबून धरावं लागतं, नुसतं टिचकी मारून चालत नाही. किल्लीचा सेल संपला तर तिच्या पोटातून लोखंडाची छोटी पात निघते, तिने दार उघडतं. हे बघताना बाई पहिल्यांदा जरा हसली. म्हणाली, म्हणजे खरी किल्ली आत लपवून ठेवलेली असते.

मग ती बसली, बटण दाबलं. इंजिन नाही, रेडिओ सुरू झाला. कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगत होतं. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ब्रेकवर पाय ठेवा आधी," मामा म्हणाले. "ब्रेकवर पाय नसेल तर ती ऐकत नाही. घट्ट ठेवा. आता दाबा."

गाडी चालू झाली. मामांनी तिची सीट पुढे घ्यायला लावली, आरसा लावून दिला आणि वाटेत डाव्या हाताला पेट्रोलपंप आहे, तिथे आधी थांबा, असं सांगितलं. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते उभे होते. घरी पोचायला त्यांना सात वाजले.

पुढचे दहा-अकरा दिवस ती रोज आली. कधी आईला घेऊन, कधी एकटी. किल्ली देताना ती आज काय जमलं ते सांगायची. चढावर गाडी मागे गेली नाही, पावसात वायपरचं बटण सापडलं, कप्प्याचं कुलूप उघडलं आणि आत गाडीची सगळी कागदपत्रं एका फायलीत, तारखेप्रमाणे. वडिलांचं मात्र वर-खाली चाललं होतं. ज्या दिवशी ती काहीच न बोलता किल्ली देऊन जायची, त्या दिवशी मामाही काही विचारत नसत. आठ वर्षांत त्यांनी कुणाच्या पेशंटची चौकशी केली नव्हती. चौकशी केली की उत्तर घरी न्यावं लागतं. या वेळी न विचारताही ते घरी येत होतं. जेवताना त्यांचा हात थांबायचा. बायको विचारायची, काय झालं? काही नाही, म्हणायचे.

बाराव्या दिवशी दुपारी वडील बाहेर आले. चाकाच्या खुर्चीत, शर्ट अंगावर सैल झालेला, गालफडं बसलेली. सोबत त्यांची बायको. मुलगी पुढे आली, लांबूनच किल्ली दाबून चारही दारं उघडली, डिकीत पिशव्या ठेवल्या, डिकी एका हाताने खाली ओढून बंद केली. मामांनी आणि वॉर्डबॉयने म्हाताऱ्यांना शेजारच्या सीटवर बसवलं, त्यांची बायको मागे बसली. म्हातारे सगळं बघत होते. मुलीने ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं, आरसा नीट केला.

म्हाताऱ्यांनी काच खाली करून मामांना विचारलं, "ही कधी शिकली?"

"तुम्ही वर होतात तेव्हा."

"मी शिकवायला हवं होतं," म्हातारे म्हणाले. मुलीने त्यांचा पट्टा ओढून खटक्यात बसवला. गाडी निघाली, फाटकाशी थांबली, दिवा दाखवून वळली.

मामांना तिच्याकडे बघत राहायला सवड नव्हती. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. पहिलीतून उतरलेल्या माणसाने किल्ली त्यांच्या हातात जवळजवळ फेकली आणि तो आत पळाला.

त्या दिवशी घरी आल्यावर ते बूटही न काढता खुर्चीत बसले. बायकोने चहा आणला.

"त्या बाईचे वडील घरी गेले आज," ते म्हणाले.

"कुठली बाई?"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण हिला काहीच सांगितलेलं नाही. त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. फारसं नीट सांगता आलं नाही; मधेच थांबत होते, पुढचं मागे होत होतं. ती समोर बसून ऐकत राहिली. गोष्ट खिशापर्यंत आली तेव्हा मामा बोलता बोलता डोळे मिटून गप्प झाले. तिला वाटलं, आठवत असतील. जरा वेळाने तिला कळलं, झोप लागली आहे. तिने त्यांच्या हातातला कप अलगद काढून घेतला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.