उस्ताद बाजूच्या सीटवर

लिहिण्यात चुका असतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा आठवीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिलं. शब्दही माझे साधेच आहेत. पण प्रताप नगरजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से ग्राइंडरच्या चुऱ्यासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढीग!

आम्ही जीपगाड्यांत रोल केज बसवतो. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून आतून उभा केलेला जाड पाइपांचा सांगाडा. आम्ही त्याला पिंजरा म्हणतो. वेल्डिंग माझं, बोलणं आमच्या मालकांचं, म्हणजे उस्तादांचं. "वरती हत्ती उभा करा!" असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. हत्ती अजून कोणी आणला नाही.

*

एका डॉक्टरसाहेबांनी मोबाइलवर परदेशातली रेसची गाडी दाखवली. दारातही आडवे पाइप पाहिजेत म्हणाले. लावले. साहेब मान वाकवून, पाय दुमडून आत शिरले. खूश झाले. पाच मिनिटांनी हळूच विचारलं, "उस्ताद, बाहेर कसं निघायचं?"

उस्ताद सोबत आलेल्या त्यांच्या मॅडमकडे वळले. "मॅडम, दारातले पाइप कापून टाकू काय?"

मॅडम म्हणाल्या, "काहून? राहू द्या ना आतच!"

*

सावनेरचा एक पोरगा तक्रार घेऊन आला. "पाइपावर डोकं आपटते गा."

"हेल्मेट घालत जा," उस्ताद म्हणाले.

"सासऱ्याच्या घरी हेल्मेट घालून जाऊ काय?"

महिन्याभराने तीच गाडी पुन्हा आली. आत प्रत्येक पाइपावर फुलाफुलांची गोधडी! "मायनं शिवून देल्ली," तो म्हणाला.

उस्तादांनी गोधडीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पाह्य बे, तुह्या वेल्डिंगपेक्षा सरळ शिवण आहे!"

*

काही गिऱ्हाइकांना पिंजरा फक्त फोटोपुरता लागतो. एक म्हणाला, "वजन नको, पण दिसायले भक्कम पाहिजे."

उस्ताद चिडले. "मंग कूलरच्या स्टँडचा पाइप लावून देऊ काय?"

तो विचार करून म्हणाला, "लाल रंगात येते काय तो?"

*

आता महाल भागातले काका. भांड्यांचं दुकान, वय साठीचं, आणि अचानक खडकाळ रस्त्यांची हौस. रविवारी खदानीच्या चढावर गाडीची ट्रायल घेणार होते. बाजूच्या सीटवर चौदा वर्षांचा नातू.

पिंजरा उभा झाला, पण जोडांची वरची बाजू छताला चिकटते. तिथे माझी वेल्डिंग गन पोहोचत नाही, जोड अर्धा कच्चा राहतो. खरी पद्धत अशी, की गाडीच्या तळाला भोकं पाडून अख्खा पिंजरा वीतभर खाली उतरवायचा, वरून जोड भरायचे, मग पुन्हा चढवायचा. पूर्ण दिवसाचं काम.

"वरून कोण पाहून राहिलं बे?" उस्ताद म्हणाले. "रंग मार आन् मोकळा हो."

मी रंग मारला.

शुक्रवारी संध्याकाळी काका गाडी पाहायला आले. उस्ताद सुरू झाले, "वरती हत्ती उभा करा!"

"हत्ती कायले गा? नातू बसवून राहिलो. चालते ना?"

"बिनधास्त!"

मी गिऱ्हाइकाशी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोललो. "काका, आमच्या दुकानाची रीत आहे. पयल्या ट्रायलले बाजूच्या सीटवर उस्ताद बसतात. नातवाले नंतर बसवा."

अशी कोणतीही रीत आमच्याकडे नव्हती!

काकांनी उस्तादांचे दोन्ही हात धरले. "याले म्हणतात जबाबदारी! रविवारी सकाळी आठले तुमच्या घरी येतो. तयार राहा."

उस्ताद माझ्याकडे पाहत राहिले. मी नट-बोल्टचे पाने पुसायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातलाच पोहोचलो, नेहमीपेक्षा दोन तास आधी. शटर उघडं होतं. काकांच्या गाडीच्या तळाला भोकं पडली होती, पिंजरा जॅकवर वीतभर खाली आला होता आणि गाडीखालून उस्तादांचे पाय दिसत होते.

"काहून बे," खालून आवाज आला, "इतका उशीर?"

मी वेल्डिंगचं हेल्मेट चढवलं आणि बाजूच्या सीटच्या वरच्या जोडापासून सुरुवात केली.