चारचा फोन आणि राउटरचा टायमर

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे दहा. हजर: मी, नवरा, सासूबाई, अकरावीतली मुलगी. विषय: टायमर. बैठक नवऱ्याने बोलावली होती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमच्या घरात बैठका मी बोलावते.

टायमर पाच होते. आमच्या या हिंदी शहरात, गढा भागातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मी ते मार्चमध्ये आणले. "दीदी, ये तो मछली की टंकीवाले ले जाते हैं," दुकानदार म्हणाला. "भैया, मेरे यहाँ मछली नहीं, लाल बत्तियाँ हैं," मी म्हटलं. टीव्ही आणि त्याच्याच सॉकेटवरचा सेट-टॉप बॉक्स, मायक्रोवेव्ह, म्युझिक सिस्टीम, प्रिंटर, राउटर. म्हणायला बंद, पण प्रत्येकाचा एक डोळा उघडा. कोणी बघत नसताना टीव्हीने तरी कोणासाठी जागं राहायचं? "असे किती युनिट वाचणार?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं की मोजणार नाही. नळ गळत असला तर आपण तो बंद करतो, थेंब मोजत बसत नाही.

टायमर म्हणजे सॉकेटमध्ये लावायचा छोटा डबा. त्यावर एक तबकडी हळूहळू फिरत असते आणि तिच्या कडेचे दाते दाबून वीज कधी सुरू, कधी बंद ते ठरवायचं. राउटर मी अकराला बंद, साडेतीनला सुरू असा लावला. त्या वेळात घरात फक्त सासूबाई असतात आणि त्यांना नेट लागतं चार वाजता.

चारला त्या वर्ध्याला थोरल्या बहिणीला व्हिडिओ फोन करतात. बहिणीला ऐकू येत नाही, ओठ बघून समजतं. साधा फोन त्यांच्या उपयोगाचा नाही. दिवाळी असो, घरात लग्न असो, हा फोन चुकत नाही.

बैठकीच्या आधी तो सलग तीन दिवस चुकला. सासूबाईंच्या टॅबवर नुसतं चक्र फिरत राहिलं. त्यांना वाटलं, ताई उचलत नाही. तिकडे ताईंना वाटलं, धाकटी रुसली. आदल्याच आठवड्यात दोघींची आईच्या पितळी डब्यावरून जुंपली होती, त्यामुळे दोघींनाही कारण तयारच मिळालं आणि कोणी कोणाला विचारलं नाही.

शनिवारी मी कॉलेजच्या ऑफिसमधून लवकर आले. चार वाजले होते. टॅब कपाटावर, आणि सासूबाई निवडलेलेच गहू पुन्हा निवडत होत्या.

"आई, आज फोन नाही?"

"तिले नाही बोलायचं, तं राहू दे."

राउटर बघितला. बंद. टायमरच्या तबकडीवर दुपारचा एक वाजला होता. गुरुवारपासून तीन दिवस दुरुस्तीसाठी रोज सकाळी तासभर लाईट जात होती. इन्व्हर्टरवर आमचे फक्त पंखे आणि दिवे आहेत. टायमर विजेवरच फिरतो, वीज गेली की तबकडी थांबते, आली की थांबली होती तिथूनच पुढे निघते. तीन दिवसांत ती तीन तास मागे पडली होती.

लाईट जाण्याचा मेसेज मीच फ्रिजवरच्या यादीत उतरवला होता. टायमरच्या वेळा कपाटाच्या दारावरच्या यादीत होत्या. दोन्ही याद्या माझ्याच अक्षरात आणि दोन्ही बिनचूक. फक्त त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायचं मला सुचलं नाही.

तर बैठक.

"चलो, सगळे काढून टाक," नवरा म्हणाला.

"चूक राउटरच्या टायमरची आहे. टीव्हीचा काहून काढू?"

"आई, नेटच नव्हतं तो आजी क्या करती?" मुलगी म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मले एक सांग, माझ्या बहिणीशी बोलाले तुझ्या त्या डब्बीची परवानगी लागते का?"

मी उठले, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चूक माझी आहे. इथलं नेट मी बंद ठेवलं होतं. आई रोज चारला फोन लावत होत्या.' मग टॅब घेऊन वर्ध्याला फोन लावला. दुसऱ्यांदा लावल्यावर ताई दिसल्या, तोंड फुगवून. मी कागद समोर धरला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"असं होय! आन् मी तीन दिवस इथं पावडर लावून बसून राहिली."

सासूबाई मला बाजूला सारून पुढे आल्या. "तुले का वाटलं, मी डब्यापायी अबोला धरीन?"

"धरशील नाही तं काय! लहानपणी कमी धरला का?"

दोघी हसल्या. मग ताईंनी मला पुन्हा बोलावलं. "ते बंद करायचं यंत्र कुठं भेटते वं? आमच्या सूनबाईच्या टीव्हीले लावाचं आहे."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पेपर वाचत होता, निदान तसं दाखवत होता.

चार टायमर जागेवर आहेत आणि राहतील. राउटरचा मी स्वतःच्या हाताने काढला, पण फेकला नाही. लाईट जाऊन आली की तबकडी घड्याळाशी जुळवायला दिवसा घरात कोणीतरी हवं, आणि दिवसा घरात फक्त सासूबाई असतात. मी त्यांना शिकवायला बसले, तर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी नाही फिरवत. तुले लावाचा असन तं तू घरी बस."

तीनदा सांगून झालं, तीनदा नाही म्हणून झालं. टायमर त्यांच्या टॅबशेजारी ठेवला आहे. आईंना तबकडी जुळवायला शिकवणं अजून बाकी आहे.